कोंबडझोप

विजीच्या बोटातून सुई आरपार गेली त्या दिवशी तिचा पोरगा माझ्याकडे तीनदा झोपला होता, आणि ते मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

पावणेसहा झाले असतील. सोलापुरातला मे महिना, भिंतीला पाठ टेकवली तर भाजून निघावी असा. विजी दारात उभी. डाव्या हाताचं पहिलं बोट खाकी कापडाच्या पट्टीत गुंडाळलेलं, आणि पट्टीवर रक्ताचा डाग, शर्टाच्या बटणाएवढा. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात ती खिसे लावायची. जूनमध्ये शाळा उघडणार, म्हणून मे महिन्यात तिथं मान वर करायला फुरसत नसे.

"काय झालं गं?"

"काही नाही. डोळा लागला."

"मशीनवर?"

"मशीनवरच. घरात कुठं लागतोय?"

मी तोंडावर बोट ठेवून पाळण्याकडे खूण केली. चिन्ना आत्ताच झोपला होता. आजची तिसरी, मी कुजबुजले, सकाळची एक, दुपारची एक आणि ही. असं गुणी पोर गल्लीत दुसरं दाखव म्हटलं. विजीनं पाळण्याकडे बघितलं. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं, तसं.

"रात्री अडीचला झोपला," ती म्हणाली. "तोपर्यंत मांडणीवरची सगळी भांडी खाली घेतली, एकेक करून. अक्का, तुमच्याकडं कसा झोपतो हा?"

"माझा हातच तसा आहे."

"मग तो हात रात्रीला उसना द्या की."

मी हसले असेन. तोंड हसायचं त्या काळात, बाकीची मी त्यात नसे.

ती उंबऱ्यावरच बसली आणि सांगू लागली. कारखान्यातल्या मास्तरनं बोट बघून हळदही दिली आणि दमही दिला. गेल्याच आठवड्यात तिनं झोपेच्या गुंगीत चाळीस शर्टांचे खिसे उलटे लावले होते, तोंड खाली. मास्तर म्हणाला होता, या शाळेची पोरं काय उलटी टांगून ठेवायची का? आज म्हणाला, अजून एकदा असं झालं तर घरी बस. वर आणि सासूचं पत्र. तिचा नवरा अंबादास भिवंडीला यंत्रमागावर होता, सणाला तेवढा यायचा. सासू तिकडे आंध्रातल्या खेड्यात विड्या वळायची. तिला विजी अत्तम्मा म्हणायची. अत्तम्मानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की पोर रात्रीचं जागतं, तू दिवसाची पेंगतेस, अशानं एक दिवस हात घालवून बसशील. रविवारी येते आणि पोराला घेऊन जाते. तीन वर्षांचा झाला की आणून सोडते.

"तीन वर्षांचा होऊन आला तर मला ओळखणार हाय का तो?" विजी म्हणाली. "ही कोण बाई, म्हणंल. तेपण तेलुगूत."

मला त्या वेळी काय वाटलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर आहे, काही नाही. तेव्हा मला काही वाटत नसे. भाजी जळाली तर वास यायचा, वाईट वाटायचं नाही. चटका बसला तर हात मागे यायचा, तोंडातून शब्द यायचा नाही. चिन्ना जाणार, एवढं डोक्यात शिरलं आणि तिथंच बसून राहिलं, पाहुण्यासारखं.

तो उठायची वाट बघत आम्ही दोघी बसलो. तो उठेपर्यंत मी संध्याकाळचा स्टो पेटवत नसे. सवय होती ती माझी.

विजीला माझ्याकडे आणलं मालकांनी. मालक म्हणजे माझा नवरा, सिद्राम. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात, त्याच्या मालकीचं काही नसलं तरी. ते महापालिकेत पाणी सोडायचे. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचे आणि जमिनीतले व्हॉल्व्ह उघडायचे. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी पाणी, त्यामुळे त्यांना आमदाराला नसेल एवढा मान. चिन्ना तीन महिन्यांचा होता तेव्हा, म्हणजे आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, ते विजीला घेऊन दारात आले. ही खिसे लावते, म्हणाले, हिच्या पोराला दिवसभर कुणी नाही. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायला पण काहीतरी वाटावं लागतं.

"पाळणा काढायला लागंल," मालक म्हणाले, छताकडे बघत.

छताला कडी होतीच. पाळणा माळ्यावर होता. तो काढून पुसला, दोरी बदलली, कडीला लावला. तेवढं करून मालक जे घराबाहेर पडले ते पाणी सोडायची वेळ नसताना. आणि पुढं वर्षभर त्यांनी त्या पाळण्याला बोट लावलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण कपाटाच्या दाराला आतून एक कॅलेंडर होतं आणि मूल सांभाळायची सगळी विद्या त्यात होती. त्याच्या चौकोनांत माझ्या हातच्या खुणा होत्या, आधीच्या. ठिपका, रेघ आणि गोल. पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, पहिला, दुसरा, तिसरा. बाळाचा कितवा महिना ते. चिन्नाचा जन्मही फेब्रुवारीतला, त्यामुळे पानं बरोबर जुळली. तीन महिन्यांच्या बाळाला मे महिन्याचं पान. रोज सकाळी कपाट उघडायचं, खुणा बघायच्या आणि तसं करायचं.

ठिपका म्हणजे चिमणझोप, सकाळी दहाच्या सुमाराची. चिमणीसारखी, बसली न बसली की उडाली. रेघ म्हणजे म्हैसझोप, दुपारची. ती बसली की हलत नाही. आणि गोल म्हणजे कोंबडझोप, कोंबड्या खुराड्यात शिरायच्या वेळेची, दिवस कलताना. ही नावं मीच ठेवलेली. मेच्या पानावर एकेका चौकोनात ठिपक्यांची गर्दी, त्या वयात बाळ दूध पितं आणि झोपतं, दुसरा उद्योग नाही. जूनमध्ये गर्दी जरा हटली. पुढं ऑगस्टपासून तीनच खुणा नीट रांगेत बसल्या. चिन्ना त्या बरहुकूम वाढला. विजी म्हणायची, अक्का, तुम्ही हात लावला की हा बटण दाबल्यासारखा झोपतो. पुस्तक वाचून पोरं वाढवणाऱ्या बायका असतात, मी कॅलेंडर वाचून वाढवत होते.

मग तो वर्षाचा झाला आणि त्याची रात्र बिघडली. आधी दहा, मग बारा, मग दोन. विजीनं मीठमिरच्या ओवाळल्या, देवळातला अंगारा लावला, घरमालकिणीच्या सांगण्यावरून उशीखाली विळा ठेवला. डॉक्टरनं तपासून पोर ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं. ठणठणीत तर होताच. जागत होती ती विजी.

अत्तम्मा यायला सहा दिवस राहिले, तेव्हा मीही कंबर कसली. माझा हिशेब सरळ होता. रात्री झोपत नाही म्हणजे पोराची झोप कमी पडते, तर दिवसा आणखी झोपवायचं. झोपेला झोप लागते, असं मी विजीला सांगितलं आणि तिला ते पटलं, कारण तिला काहीही पटलं असतं. मंगळवारी मी खिडकीला पोतं लावलं. बुधवारी दाराच्या फटीत फडकं कोंबलं. दहाला पाळण्यात, एकला पाळण्यात, पाचला पाळण्यात.

चिन्ना आता पाळण्यात उभा राहायचा. कठडा धरून माझ्याकडे बघायचा, हसायचा, पाय टाकायचा प्रयत्न करायचा. मी त्याला आडवा करायची. तो उठायचा. मी आडवा करायची. थोपटायची माझी एक रीत होती, दोन हलके आणि एक जरा जोराचा, सोबत श्श, श्श. अर्ध्या तासानं तो निपचित व्हायचा. मग मी वाकून त्याच्या नाकासमोर तळहात धरायची, श्वास लागतोय ना ते बघायला, आणि खाली बसायची. भाजी निवडायला घ्यायची नाही, शेजारी जायची नाही. नुसती बसायची.

बुधवारी अशीच वाकले तर त्याचे डोळे उघडे होते. अंधारात, टक्क. रडत नव्हता, हलत नव्हता. त्याला कळलं होतं की या बाईला आपण असं पडून राहिलेलं हवं असतं. म्हणून तो पडून होता. मी तळहात धरला. त्यानं तळहाताकडे बघितलं. मी खाली बसले.

किती गुणी, असंच मला वाटलं. म्हणजे तसं वाटायला हवं हे आठवलं.

गुरुवारी विजी दुपारी चारलाच आली. बोट सुजलं होतं, इंजेक्शन घेऊन आली होती, मास्तरनं अर्धी सुट्टी दिली होती. चिन्ना म्हैसझोपेतून उठून फरशीवर डबे वाजवत होता. मी तिला पाणी दिलं. ती भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिची मान पडली. पाचला मी उठले, पोतं सारखं केलं, पाळण्यातली चादर झटकली आणि सवयीनं कपाट उघडून बघितलं.

"काय बघलालाय अक्का?" ती जागी झाली होती.

"काही नाही. वेळ."

ती उठून आली. माझ्या खांद्यावरून तिनं कॅलेंडर बघितलं, मग पुढं होऊन नीट बघितलं.

"इथं ऑक्टोबर लागलाय."

"हं."

"बाहेर मे आहे."

"हं."

"आणि हे वर्षपण..." ती थांबली. मग कोपऱ्यातलं पेन्सिलीचं अक्षर तिनं मोठ्यानं वाचलं. "आठवा. आठवा काय?"

"महिना. बाळाचा."

तिनं बोटं मोजली. सुजलेलं बोट सोडून मोजली, त्यामुळे दोनदा चुकली. "चिन्ना तर पंधराव्यात आहे."

"माहितीय मला."

"मग पुढचं पान लावा की."

"पुढं काही नाही."

तिला ते पान संपलंय असं वाटलं असावं. पट्टीच्या बोटानं तिनं ऑक्टोबर उचलला. खाली नोव्हेंबर होता, त्याच्याखाली डिसेंबर. दोन्ही कोरे. ठिपका नाही, रेघ नाही, दुधाची खूणसुद्धा नाही. आम्ही दूध बंद केलं होतं. तिनं ऑक्टोबर परत खाली सोडला आणि शेवटच्या खुणेवर तिची नजर गेली. एकोणीस तारीख. ठिपका, रेघ, गोल. वीसपासून रिकामं.

"नीला आठव्या महिन्यात गेली," मी म्हणाले.

आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा आला. दीड वर्षात हे वाक्य मी म्हटलं नव्हतं. लोक येऊन म्हणून गेले होते, मालकांनी कचेरीत लिहून दिलं होतं, मला म्हणायची वेळ आली नव्हती. नीलांबिका. एवढं लांब नाव ठेवलं होतं, पुरवून पुरवून वापरायला. त्या दिवशी अंग थोडं कोमट होतं, दात येत असतील म्हणून सोडून दिलं. सकाळी झोपली, उठली. दुपारी झोपली, उठली. दिवस कलताना पाळण्यात घातलं, झोपली. मी गोल काढला, स्टो पेटवला, भाकरी थापायला घेतली. चार भाकऱ्या झाल्या आणि वाटलं, आज फार वेळ झोपली.

हे सगळं मी विजीला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तिसऱ्या झोपेतून उठली नाही.

विजीनं गळ्यात हात घातले नाहीत की अगं बाई म्हटलं नाही. ती चिन्नाजवळ जाऊन बसली. त्याच्या हातातला डबा घेऊन झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"नीलाचं मला माहीत होतं," ती म्हणाली. मालकांना ती अण्णा म्हणायची. "अण्णांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. म्हणाले, पोर हिच्याकडं ठेव, दोघींचंही काम होईल. पण हे कॅलेंडर माहीत नव्हतं." मग झाकण परत काढत, "मी रोज येते तेव्हा तुम्ही पाळण्याशेजारी बसलेल्या असता."

"हं."

"भाजी नाही, चूल नाही. बघत बसता. तो उठला की मग स्टो पेटवता."

तिनं डबा चिन्नाच्या हातात परत दिला.

"उठतो नव्हं रोज?"

"उठतो."

"किती दिवस बघणार आहात अजून, उठतो का ते?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती, कारण तिच्याकडे तीनच दिवस होते. आणि तेव्हा मला कळलं, हळूहळू नाही, एकदम, जसं अंधाऱ्या खोलीत कुणी पोतं बाजूला केलं की कळतं. आठव्या महिन्यात चिन्नाला तीन झोपा लागत होत्या. त्याच्या पुढं मी त्याला जाऊच दिलं नव्हतं. सात महिने मी तोच ऑक्टोबर रोज लावत होते. रोज संध्याकाळी एका बाळाला झोपवत होते, ते उठतंय का ते बघायला. ते उठायचं, आणि मला तेवढ्यापुरता स्टो पेटवता यायचा. आणि त्याची सगळी झोप मी दिवसाच संपवून, रात्री त्याला रिकामा करून विजीच्या हवाली करत होते. तिच्या बोटातली सुई माझ्या कपाटातून आली होती.

"आज कोंबडझोप नको," विजी म्हणाली.

साडेपाच झाले. मी कुठं बघावं ते मला समजेना. चिन्नानं डोळे चोळले, जांभई दिली, पाळण्याकडे बघितलं. माझे हात आपोआप उठले, ते मी मांडीखाली घेतले. तेवढ्यात मालक चावी न्यायला आले. गुरुवार, पाण्याचा दिवस. दारात उभे राहून त्यांनी बघितलं. खिडकीचं पोतं काढलेलं, कपाट सताड उघडं, पाळणा रिकामा, आणि दोन बायका एका पेंगणाऱ्या पोराला डबे वाजवून जागं ठेवतायत.

त्यांनी कपाटाकडे एकदा बघितलं. मग चप्पल न काढता आत आले, चिन्नाला उचलून एका खांद्यावर घेतलं, दुसऱ्या खांद्यावर चावी.

"ह्याला पाणी दाखवून आणतो," म्हणाले.

तास-दीड तासानं दोघं परत आले ते चिखलानं माखून. चिन्नानं चावीला हात लावून व्हॉल्व्ह उघडला होता, निदान त्याची तशी समजूत होती. गल्लीतल्या बायका हंडे टाकून त्याला बघायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, सिद्राम, पोरगा कुणाचा? मालक म्हणाले, आज पाण्याचा. हे मला गल्लीतूनच नंतर कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं ते एवढंच, "झोपला नाही. दोनदा मान पडली, पाणी मारलं."

दुसऱ्या दिवशी विजी अर्धा तास उशिरा आली. गालावर उशीच्या शिवणीचा वळ. पोरगं साडेआठला झोपलं होतं आणि ती त्याच्या शेजारी, न जेवता, विळ्यावर डोकं ठेवून.

शुक्रवारी तसंच केलं, शनिवारी तसंच. रविवारी अत्तम्मा आली, एक बोचकं आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन. काय झालं ते विजीनं सोमवारी सकाळी सांगितलं. तिनं सांगताना सासूचा आवाज काढला, तेव्हा मला कळलं की तिची झोप खरंच पुरी झालीय. चिन्ना साडेआठला झोपला. म्हातारी म्हणाली, ढोंग करतंय, आता उठेल. आणि पदर खोचून त्याच्या उशाशी बसली. तो उठला नाही. ती बसून राहिली. सकाळी विजीला उठवून म्हणाली, तुझ्या पोरानं मला रात्रभर झोपू दिलं नाही, आता उठेल, आता उठेल म्हणून. आणि बोचकं तेवढं घेऊन परतीच्या गाडीला गेली. बरणी ठेवून गेली.

"त्यातलं अर्धं तुमचं," विजीनं एक डबा माझ्यापुढं केला. "मास्तरनं पण खिसे तपासले. सगळे सुलटे."

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून चाळीसएक पोरं गेली. आता मला कुणी विचारलं तर झोपेत सांगेन. पाच-सहा महिन्यांचं झालं की तीन झोपा. आठ-नऊ महिन्यांत कोंबडझोप जाते, आणि ती जाऊ द्यावी. सव्वा-दीड वर्षात चिमणझोप जाते, ती जाताना पोर चिडचिडं होतं, घरातले त्याहून. म्हैसझोप तेवढी राहते, आणि तीन-चार वर्षांचं पोर एक दिवस कंबरेवर हात ठेवून सांगतं की मला झोप नाही, तेव्हा तीही गेली असं समजावं. पोरं आपली आपण पुढं जातात. दोरी ओढून धरू नये. हे मी बायकांना सांगते तेव्हा त्या म्हणतात, अक्का, तुम्ही हे कुठं शिकलात? मी म्हणते, कॅलेंडरवर.

तर तो सोमवार. विजी गेली. दहा वाजले आणि मी पाळण्याची दोरी धरली. कोंबडझोप सोडली होती, चिमणझोप अजून चालू होती. चिन्नानं पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नक्को," म्हणाला.

हा शब्द त्याचा नवा होता. मी दोरी सोडली.

मग पुढं काय करतात ते मला माहीत नव्हतं. दहा ते अकरा हा तास माझ्याकडे कधीच रिकामा आला नव्हता. भांडी झाली होती. पाणी परवा येणार होतं. दाराला वरची कडी लावली, मांडणीखालचे दोन डबे त्याला दिले आणि फरशी थंड होती म्हणून जराशी आडवी झाले. नुसती पाठ टेकायला. जगातल्या कुठल्याही पाळणाघरात त्याबद्दल मला त्याच दिवशी काढून टाकलं असतं. पण माझं पाळणाघर माझंच होतं.

डबे वाजायचे थांबले. चिन्ना रांगत माझ्या डोक्याशी आला, चालायला यायचं तरी घाईच्या वेळी रांगायचा. त्यानं हात माझ्या कपाळावर आपटला. मग परत. दोन हलके, एक जोराचा. श्श, म्हणाला, थुंकी उडवत. श्श.

दीड वर्ष मी दिवसा डोळा मिटला नव्हता, आणि रात्री मिटला तरी आत उघडाच असायचा. त्या सकाळी तो कधी लागला मला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं, म्हणजे बारा तरी वाजून गेले असतील. अंग जड, तोंडाला लाळ. चिन्ना तिथंच होता. माझ्या उशाशी फतकल मारून बसला होता, डबे दूर, गप्प. डोळे माझ्या तोंडावर. आणि त्याचा तळहात माझ्या नाकासमोर होता, अगदी जवळ, थोडा चिकट.

मी श्वास सोडला. तो त्याच्या हाताला लागला. त्यानं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उठले रे," मी त्याला सांगितलं.

त्याचं समाधान झालं. हात मागे घेऊन तो डब्यांकडे गेला.

इथं मला रडू आलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. नाही आलं. भूक लागली, पोटात पीळ पडेल अशी, कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी. डब्यातल्या लोणच्याचा वास सगळ्या घरात पसरला होता.

मी उठले आणि स्टो पेटवला.